आफ्रिका परत मागणारी पोरं

पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा काहीतरी बोलतो आणि मी दचकते. असे दचके आता इतके साठलेत, की प्रबंधापेक्षा तेच जाड भरतील!

विषय असा: पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहती गेल्या. मग जर्मनीतल्या काही युवक संघटनांनी तंबू, गाणी, नकाशे घेऊन 'आमच्या वसाहती परत द्या' असा धोशाच लावला.

गाईड सर म्हणाले, "अहो, कधी न पाहिलेल्या मुलखासाठी कुणी शपथा घेतं का? आपल्या संभाजीनगरातली पोरं घेतील? सेमिनारमध्ये पटवा, नाहीतर विषय बदला."

दोन वर्षांचं काम! ते असं सोडून द्यायचं?

*

त्या जर्मन पोरांच्या शिबिराचा एक जुना फोटो टेबलावर होता. विभागातले शिपाई शिंदेमामा वाकून बघत म्हणाले, "लई गुणी लेकरं दिसतायत, ताई."

"मामा, ही दुसऱ्यांचा देश मागतायत!"

"व्हय? पण भांग बघा की, किती सरळ पाडलाय!"

*

त्या काळच्या खेळांच्या धर्तीवर मी एक पट बनवला. फासा टाका, वसाहत परत मिळवा. माझी मैत्रीण शारदा सोयगावची. वर्गात हात वर करायलाही लाजते. तिसऱ्या डावाला तिनं टेबलावर मूठ आपटली. "टोगो माझा हाय! सोडणार नाय!"

"अगं, तिथं माणसं राहतात!"

"मग पटावर कुठं दिसतात?"

मी पट कपाटात टाकून कुलूपच लावलं.

*

सेमिनारचा दिवस. सर पुढं, एम.ए.ची मुलं मागं. मी एक शपथ टाइप करून नेली होती: 'आफ्रिकेतली आपली भूमी परत मिळेपर्यंत मी स्वस्थ बसणार नाही.' वाचा, मग चर्चा करू, असं म्हणून कागद फिरवला.

परत आला तेव्हा खाली सह्याच सह्या! वर्गात कागद फिरला की तो हजेरीचा. सही करायची, पुढं द्यायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. दोन सह्या तर न आलेल्या मुलींच्या!

"ह्या कुणी केल्या?" मी किंचाळलेच.

मागून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, मैत्रिणी आहेत. गैरहजेरी लागली असती ना!"

सरांनी कागद मागून घेतला. चष्मा पुसून पुन्हा लावला. बराच वेळ वाचलं.

"विषय हाच राहू द्या," ते म्हणाले.

मी श्वास सोडला.

मग त्यांचं बोट कागदावरून हळूहळू वर सरकलं. "पण ही सगळ्यात पहिली सही कुणाची?"

माझी! कागद पुढं देताना सवयीनं मीच केलेली.