वाळ्याच्या वरचं पाणी, खालचं पाणी

परवा नाशिकच्या बाजारात वाळ्याची जुडी नाकाशी धरली आणि त्या मातकट वासासरशी पिंपळगावची एक सकाळ आठवली. लग्न होऊन मला दोनच महिने झाले होते.

द्राक्षबागेच्या उताराला सासूबाईंनी वाळा लावला होता. तो उपटून तिथे वेलींची आणखी एक ओळ लावायची म्हणून सासरे कुदळ घेऊन निघाले.

"नुसतं गवत पोसून काय मिळतं?"

"बागेतलं खत वाहून जातं, ते वाळा अडवतो. खाली आपली प्यायची विहीर हाय," सासूबाई म्हणाल्या.

खरं कोणाचं, ते बघितल्याशिवाय मला राहवेना. पाऊस नुकताच थांबला होता, बागेतून पाणी वाहत होतं. लोणच्याच्या दोन रिकाम्या काचेच्या बरण्या घेऊन गेले. एक वाळ्याच्या वर भरली, दुसरी खाली. वरचं पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ, खालचं बरंच निवळ.

विरघळलेलं खत डोळ्यांना दिसत नाही, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? निवळ म्हणजे चांगलं, एवढंच कळायचं.

सासऱ्यांनी दोन्ही बरण्या उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिल्या. मग कुदळ भिंतीला टेकवली.

"सूनबाई, विहिरीचं बी आण भरून," ते म्हणाले. "तेबी बघू."