रेवतीची मैत्रीण

टीव्हीवरच्या सिनेमात शाळेतल्या सगळ्यांच्या लाडक्या मुलीने एका नवख्या मुलीचं डोकं भिंतीवर आपटलं. “आई, अशा मुली खरंच असतात?” लेकीने विचारलं.

“असतात,” एवढंच मी म्हटलं.

आमच्या नववीत रेवती होती. देखणी, गोड गळ्याची. एका मधल्या सुट्टीत तिने कुंदाची बोटं दाराच्या फटीत घालून दार जोरात लोटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कारण कुंदाचं मनगट मीच धरलं होतं. रेवतीने मला हाक मारली, याचाच मला आनंद झाला होता. “वाऱ्याने दार लागलं,” असं बाईंना मीच सांगितलं.

सिनेमात अशा मुलीची शेवटी जिरते. तिच्यामागे उभ्या असलेल्या मैत्रिणीचं नावही कुणाला कळत नाही. आमच्याकडे रेवतीला आदर्श विद्यार्थिनीचं बक्षीस मिळालं. प्लास्टरमधला हात सांभाळत कुंदानेही दुसऱ्या हाताने मांडीवर थापा मारून टाळ्या वाजवल्या, माझ्याकडे बघत.