तीन रेघांचा डबा

अभिमन बसत नसे. धुळ्यात, देवपूरला, आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. जेवतानाही तो भिंतीला पाठ लावून उभा. एका हातात ताटली, दुसऱ्या हाताची बोटं भिंतीवर काहीतरी जोडत असायची. सन अठ्ठ्याण्णव. आम्ही एकाच गावचे, दोघंही अकरावीत. तो सायन्सला, मी आर्ट्‌सला.

खानावळ परवडणारी नव्हती. आमचा डबा गावाहून एसटीने यायचा. रूपचंद कंडक्टर गावातून डबे घेई आणि फाट्यावर हारुनभाईंच्या पंक्चरच्या दुकानात ठेवी. हारुनभाई ते धुळ्याच्या गाडीत चढवत. आम्ही धरून आमच्या भागातल्या अकरा मुलांचे डबे असेच यायचे. अभिमनला पाठवताना त्याचे वडील धनसिंगभाऊ एवढंच म्हणाले होते, "डबा येस तवलगुन शिक. डबा बंद झाया का सरळ घर."

कॉलेजात सहा कॉम्प्युटर होते. सुकदेवसरांनी ते एका हबला जोडले त्या दिवसापासून अभिमनची झोप उडाली. त्याच्या मावसभावाने पुण्याहून एका जाड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स पाठवली. शब्द मी डिक्शनरीत शोधायचो, अर्थ तो लावायचा.

"हब म्हणजे वर्गात मोठ्याने नाव घेणारा," तो मला म्हणाला. "ऐकतात सगळे, उठतो एकच. स्विचला कोण कुठल्या बाकावर बसतो ते माहीत असतं. तो त्याच्याच कानात सांगतो."

"आणि राउटर?"

"तो वर्गाबाहेरचा. दुसऱ्या वर्गाकडे वाट कुठून जाते, ते त्याला ठाऊक."

राउटर त्याने पाहिलेला नव्हता. एका बँकेत आहे असं कळलं, तर दोन दिवस काचेला नाक लावून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी वॉचमनने विचारलं, "खातं आहे का?" हा म्हणाला, "नाही, राउटर बघतोय." वॉचमनने त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं.

मग त्याला डबा दिसला. म्हणजे रोजच दिसत होता. पण एके दिवशी तो डब्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मगन, हारुनभाईंना आपली खोली माहीत आहे?"

"नाही."

"रूपचंदला?"

"त्याला कशी असेल?"

"प्रत्येकाला फक्त पुढचा माणूस माहीत आहे. तरी डबा येतो."

त्या दिवशी त्याचं जेवण तसंच राहिलं.

पुस्तकात एकशे सेहेचाळीसनंतर थेट एकशे एकोणपन्नासावं पान होतं. झेरॉक्सवाल्याने मधलं सोडलं होतं. सेहेचाळीसच्या शेवटी एवढंच होतं, की वाट बंद झाली आणि दोन राउटर एकमेकांवर भरवसा ठेवून बसले, तर... पुढे काही नाही. हा खोलीत येरझाऱ्या घालायचा. खालचे घरमालक छताला काठी ठोकायचे.

पुढच्या रविवारी तो फाट्यावर गेला आणि हारुनभाईंना सांगून आला, "धुळ्याची गाडी आली नाही तर डबे रूपचंदच्याच गाडीने तालुक्याला पाठवा. तिथे तोताराम चहावाला दुसऱ्या वाटेने काढेल." मग तोतारामलाही सांगितलं, "तुमच्याकडची धुळे गाडी चुकली तर डबे फाट्याला, हारुनभाईंकडे." परत आला तेव्हा खूश होता. आता वाट बंद झाली तरी डबा अडणार नाही, म्हणाला. मलाही ते पटलं.

पंधरा दिवसांनी कापसाच्या भावासाठी धुळ्याच्या तोंडाशी रास्ता रोको झाला. दोन्ही वाटा तिथेच मिळतात. धुळ्याची एकही गाडी सुटली नाही. फाटा ते तालुका गाड्या मात्र चालू होत्या. हारुनभाईंनी डबे तोतारामकडे पाठवले. तोतारामने हारुनभाईंकडे. दोघंही शब्दाला जागले.

रस्ता मोकळा झाल्यावर, संध्याकाळी पाचला डबे धुळ्याला आले. आम्ही अकराजण सकाळपासून उपाशी, स्टँडवर उभे. भिकुबाईंनी, म्हणजे अभिमनच्या आईने, त्या दिवशी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या दिल्या होत्या. झाकण उघडलं तर आंबट वास. ड्रायव्हरने निरोप दिला, "रूपचंद म्हणाला, उद्यापासून एकही डबा घेणार नाही."

मी अभिमनकडे पाहिलं. तो डबा नाकाशी धरून उभा होता.

"एकशे सत्तेचाळीस," तो म्हणाला.

"काय?"

"ते पान. त्यावर हेच असणार."

मला त्याला मारावंसं वाटलं. "मुद्दाम केलंस?"

"नाही." त्याने झाकण लावलं. "पण कळलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही फाट्यावर गेलो. धनसिंगभाऊ आधीच आले होते. मुलाची वळकटी न्यायला दोरी आणली होती त्यांनी. ती हातात गुंडाळत उभे.

"बठ्ठा पोरे उपाशी राह्यनात," ते म्हणाले. "हाईच शिकना का तू तठे?"

अभिमन खिसा चाचपत होता. गाडी आली. रूपचंद दारातूनच बोलायला लागला, "तेच डबे सकाळी नेले, तेच आणले, तेच परत नेले. पास काढलाय का रे डब्यांनी?"

"आणि मी पंक्चर काढू का डबे चढवू?" हारुनभाई म्हणाले. "तोताराम तिकडून मला शिव्या पाठवतोय, मी इकडून त्याला."

अभिमनने खिशातून खडू काढला. रूपचंदच्या गाडीत पाण्याचा डबा होता, नमुना म्हणून त्याच्या झाकणावर तीन रेघा ओढल्या. "गावातून निघताना प्रत्येक डब्यावर अशा तीन रेघा. हारुनभाईंनी आणि तोतारामने डबा पुढे देण्याआधी एक रेघ पुसायची. शेवटची रेघ पुसली की डबा पुढे जाणार नाही. ज्याच्या हातात असेल त्याने ठेवायचा."

"ठेवून काय करू?"

"खायचा. आणि आम्हाला फोन करायचा, की संपला."

हारुनभाई हसले. "मग मी रोज येताक्षणी तिन्ही पुसतो."

"आठ दिवस," रूपचंद म्हणाला. "एक डबा दुसऱ्यांदा उलटसुलट फिरताना दिसला की बंद. कायमचा." त्याने घंटी मारली.

धनसिंगभाऊंनी दोरी कमरेला बांधली. वळकटी नेली नाही, दोरी टाकलीही नाही.

ते आठ दिवस अभिमन झोपला नाही. मध्येच उठून म्हणायचा, "तीन पुरतील ना?" पाच दिवस डबे दोन रेघा घेऊन आले. सहाव्या दिवशी कपाशीचा ट्रक धुळ्याजवळ आडवा झाला. पुन्हा सगळं ठप्प.

अभिमन खोलीत गोल फिरत होता. सकाळी अकराच्या आत खालच्या एसटीडी बूथवाल्याने हाक मारली. आम्ही धावलो. पलीकडून हारुनभाई.

"डबे तोतारामकडे जाऊन परत आले, शेवटची रेघ इथे पुसली. तुमचे अकराच्या अकरा संपले. वाट बघू नका, काहीतरी खाऊन घ्या."

"कोणी खाल्ले?" मी विचारलं.

"अडकलेले पॅसेंजर होते. थोडं मी. रूपचंदलाही दिलं."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, एकदाच गेले-आले, पुन्हा फिरले नाहीत. आणि भरीत बरं होतं."

डबे चालू राहिले. शनिवारी धनसिंगभाऊ बाजाराला आले तेव्हा त्यांच्या कमरेला दोरी नव्हती.

ते पान दोन वर्षांनी मिळालं. मी तेव्हा बी. ए.ला होतो. डिक्शनरी घेऊन एकेक शब्द लावला. त्यात खडू नव्हता. एक आकडा होता, प्रत्येक टप्प्यावर एकाने कमी होणारा. शून्य झाला की पुढे पाठवायचं नाही, आणि ज्याने पाठवलं त्याला कळवायचं. मी ते तीनदा वाचलं. मग अभिमनला दाखवलं.

त्याने उभ्याउभ्याच वाचलं. आनंद वगैरे काही दिसला नाही.

"पण वाट बंद आहे हे तोतारामला हारुनभाईंनी आधीच सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "डबा संपायच्या आधी."

आणि चपला घालून बाहेर पडला.