थांबा बाई, कोणी?

पेन्सिलीचं मागचं टोक टेबलावर दोनदा आपटायचं आणि म्हणायचं, "थांबा बाई. कोणी?"

आमच्या मराठी मंडळाच्या साप्ताहिकाच्या मुद्रितशोधकांची ही सवय होती. गुरुवारी दुपारी काचीगुड्याच्या दोन खोल्यांच्या कचेरीत मी मूळ मजकूर मोठ्याने वाचत असे आणि ते समोर छापलेलं कच्चं पान घेऊन चुका टिपत. 'पाहुण्यांचे स्वागत केले गेले' असं काही आलं की लगेच टक टक.

"केलं गेलं? कोणी केलं? घरी कोण बोलतं असं? मी जेवलो म्हणतेत लोक. जेवलं गेलं म्हणतेत का?"

मुलांनो, तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या आजीने सुलतान बाजारातल्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. मी त्यांना समजावून सांगितलं की इंग्रजीत पुष्कळदा कर्ता न सांगणं सभ्यपणाचं मानतात.

"तेच तर," ते म्हणाले आणि 'स्वागत मंडळाच्या अध्यक्षांनी केले' असं दुरुस्त केलं.

ते नोकरीने रेल्वेत कारकून होते. वडील नांदेडकडून मालधक्क्यावर हमालीला आले आणि इथेच राहिले. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी यांचं आडनाव चुकीचं लिहिलं होतं. ते नीट करून घ्यायला दोन वर्षं आणि तीन कचेऱ्या लागल्या. "तेव्हापासून चूक दिसली की हात शिवशिवतो," असं ते हसत सांगत. आमच्या साप्ताहिकाचं काम त्यांनी निवृत्तीच्या आधीपासून, मानधन न घेता केलं. स्वतःचं नाव मात्र एकदाही छापू दिलं नाही. म्हणून मीही इथे ते लिहीत नाही.

त्यांचा सगळ्यात लाडका होता अर्धा र. 'दऱ्या' या शब्दात य-च्या आधी आडवी कोर असते, तो. त्या कोरीऐवजी डोक्यावर रफार दिला की 'दर्या' होतो, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. "बाई, एवढ्याशा रेघेनं केवढं पाणी भरलं बघा!" हा विनोद मी शंभरदा ऐकला असेन आणि दर वेळी हसले असेन.

मग साप्ताहिकाचं रूप बदलायचं ठरलं.

माझा बदलाला विरोध नव्हता, हे आधीच सांगते. कागद पिवळट होता, फोटोत सगळ्यांची तोंडं सारखीच काळी येत आणि तरुण मंडळी अंकाला हात लावत नव्हती. समितीत नव्याने आलेले एक गृहस्थ सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी गच्चीबावलीकडच्या कुठल्याशा डिझाइन कंपनीला काम दिलं. अंक रंगीत झाला. मथळे हाताच्या पंज्याएवढे झाले आणि मजकूर मुंगीएवढा. निधनाच्या बातम्या पहिल्या पानावरून सहाव्या पानावर, साड्यांच्या जाहिरातीखाली गेल्या.

कोंडापूरच्या एका जोडप्याने लिहिलं, 'आता कसा प्रोफेशनल वाटतो!' सुलतान बाजारातले आमचे कापडवाले म्हणाले, "बाई, मला वाटलं सेलचं पत्रक आहे. फेकणारच होतो." गौलीगुड्याच्या एका आजींनी फोन केला, "फोटो छान आहेत हो. पण वाचायचं कुठंय?" हे सगळं मला मान्य आहे. नवं काही आलं की लोक बोलणारच, आणि काही दिवसांनी सवयही होते.

संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा.

आता कच्चं पान छापून येत नव्हतं. ते फोनवर यायचं, तेही शुक्रवारी सकाळी, अंक छापखान्यात जायच्या अर्धा तास आधी. आमचे मुद्रितशोधक फोन डोळ्यांजवळ नेऊन दोन बोटांनी अक्षरं ताणत बसायचे. पेन्सिल कानावर तशीच. चूक सांगायला फोन केला की तिकडून हिंदीत उत्तर यायचं, "अंकल, अब पेज लॉक हो गया."

त्यातच मंडळाने वयस्कर आचाऱ्यांचा सत्कार केला. गौलीगुड्याच्या बसस्टँडमागे राहणारे एक वृद्ध आचारी त्यात होते. आपल्या घरातली तीन लग्नं त्यांनीच जेवू घातली. तुमच्या आईच्या लग्नातली मसालेभाताची आठवण निघते ना, तो भात त्यांचा. शाल-नारळ घेतलेला त्यांचा मोठा रंगीत फोटो पहिल्या पानावर आला आणि वर पंज्याएवढ्या अक्षरात मथळा होता, 'ज्येष्ठ आचार्यांचा सत्कार'.

कोर गेली, रफार आला आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा गुरुजी झाला.

पुढच्या गुरुवारी आचारी स्वतः कचेरीत आले. अंक चार घड्या घालून खिशात होता.

"बाई, काल एका लग्नात होतो. ताटंवाल्यानं सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणे, आचार्यजी, बघारे बैंगन पे प्रवचन हो जाए! सगळे हसले. मीबी हसलो." मग अंक टेबलावर ठेवून म्हणाले, "जन्मात एकदा पेपरात आलो, आन् माझं कामच काढून टाकलं."

आमचे मुद्रितशोधक उठून उभे राहिले. म्हणाले, "दुरुस्ती छापून येईल. मी सांगतो."

दुरुस्ती आली, तीही पहिल्याच पानावर. मी ती जपून ठेवली आहे आणि जशीच्या तशी उतरवते आहे: 'गेल्या अंकात "ज्येष्ठ आचार्यांचा सत्कार" असे छापले गेले. ते कृपया "ज्येष्ठ आचार्यांचा सत्कार" असे वाचावे.'

हसू नका. मीही आधी हसले होते.

समितीची सभा भरली. मी इतिवृत्त लिहायला बसले होते. ते काम नेहमी माझ्याकडेच, कारण माझं अक्षर चांगलं. सॉफ्टवेअरचे गृहस्थ म्हणाले, "काका, नव्या फॉन्टमध्ये ते होतच नाही. आणि भिंग घेऊन कोण वाचतं हो?"

"तो आचारी वाचतो," मुद्रितशोधक म्हणाले. "हे होईस्तोवर जुन्याच अक्षरात छापा."

तेव्हा आमचे उपाध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले, देवळाच्या विश्वस्तांत असलेले, चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे शुद्ध मराठी आता तुम्ही लोक आम्हाला शिकवणार?"

मुद्रितशोधकांचं घर बौद्ध. 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. कोणी चष्मा पुसला, कोणी फोन काढला. ज्यांच्याबरोबर मी इतके गुरुवार बसले, ते माझ्याकडे पाहत होते. मी वहीकडे पाहत होते.

ते शांतपणे म्हणाले, "आचारी आणि आचार्य, मधी एवढीच रेघ असती साहेब. ती सांभाळायला मी बसलो होतो." पिशवी उचलली आणि गेले.

मी वहीत लिहिलं, 'फॉन्टच्या विषयावर चर्चा करण्यात आली.'

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला तर म्हणाले, "नक्को बाई, डोळे दमले आता." आचाऱ्यांकडून कळलं की त्या सभेनंतर ते थेट गौलीगुड्याला गेले होते. त्यांचा अंक मागून घेतला, रफार खोडला आणि पेन्सिलीने कोर काढून दिली. "म्हणाले, आता तुम्ही आचारी," आचाऱ्यांनी सांगितलं. त्यांनी तो अंक प्लास्टिकमध्ये बसवून भिंतीवर लावला आहे. थोड्याच दिवसांत मुद्रितशोधक नांदेडला लेकीकडे राहायला गेले.

आता रेवा, तुझी आठवण. तू व्हिडिओवर होतीस आणि मी चिडून ही हकीकत सांगत होते. तुला मराठी अडखळत वाचता येतं. 'आचारी' म्हणजे काय, हेही तू मला विचारलंस. पण तू तुझ्या संगणकावर मराठीचा कळफलक उघडलास, दोन मिनिटं इकडे तिकडे दाबलंस आणि म्हणालीस, "आजी, धिस वन? शिफ्ट धरून र दाबायचा. बस."

तू डिझाइनवाल्यांचाच फॉन्ट उतरवून घेतलास आणि त्यात 'आचाऱ्यांचा' टाइप करून दाखवलंस. कोर अगदी जागच्या जागी होती.

म्हणजे फॉन्टचा दोष नव्हताच. एक कळ होती. ती कोणी शोधली नाही, कारण शोधावीशी वाटली नाही. 'होत नाही' म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून गच्चीबावलीला गेले, टाइप करणाऱ्यांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "शिफ्ट दबाइए." या वयात एवढा आवाज चढवला म्हणून मला मुळीच पश्चात्ताप नाही. पुढच्या अंकात दुरुस्ती म्हणून तो मथळा पुन्हा, नीट छापून आला.

तो अंक मी नांदेडला पाठवला, सोबत पत्र लिहिलं. दोन वेळा कच्चं करून, सुवाच्य अक्षरात. त्यात एक वाक्य होतं: 'त्या सभेत तुमचा जो अपमान केला गेला, त्याचे मला फार वाईट वाटते.'

उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या लेकीच्या अक्षरात पत्ता लिहिलेलं एक मोठं पाकीट आलं. तिने लिहिलं होतं, 'बाई, बाबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. हे त्यांच्या उशाशी होतं. तुम्हाला परत पाठवायचं म्हणत होते, राहून गेलं.'

आत माझा अंक होता. दुरुस्त मथळ्यातल्या कोरीवर पेन्सिलीची बरोबरची खूण. आणि माझं पत्र. संपूर्ण पत्रात त्यांनी एकाच ठिकाणी रेघ मारली होती, 'केला गेला' या दोन शब्दांखाली. समासात लिहिलं होतं, 'थांबा बाई. कोणी?'

मुलांनो, आमचं साप्ताहिक अजून निघतं. छान दिसतं. अर्धा र आता बरोबर येतो, आणि उपाध्यक्ष सांगतात की ती सुधारणा समितीने केली. इतिवृत्ताची वही मात्र माझ्याकडेच आहे. काल मी ते जुनं पान उघडलं, 'चर्चा करण्यात आली' यावर काट मारली आणि खाली लिहिलं:

'उपाध्यक्षांनी मुद्रितशोधकांचा अपमान केला. मी तिथे बसले होते. मी ऐकला, आणि मी गप्प राहिले.'