हात वर केला तरी

कोल्हापूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी सुटताना आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, भडंगाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "पुढं चाललीयास, जा. पण मागं कोण ऱ्हायलंय का, बघत जा की." शेजारी मेघा होती, कुरुंदवाडची, कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. आप्पांनी मला तिच्या हवाली केलं.

पुण्यात आम्ही दोघींनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी गणिताचे ऑनलाइन क्लास काढले. व्यवहार तिचा, शिकवणं माझं. गावाकडची मुलं कॅमेरा बंद करून, म्यूट होऊन बसायची. मी म्हणायचे, तोंड नका दाखवू, वही दाखवा. कुणी हात वर केला की गणित अर्ध्यात सोडून थांबायचे. "सांग की तुझ्या भाषेत" म्हटलं की मुकी पोरं बोलायला लागायची. मला दुसरं फारसं काही येत नाही, हे मात्र येतं.

यंदा माझी धाकटी बहीण स्वाती कोल्हापुरातच पहिल्या वर्षाला गेली. मेघानं तिला नव्या बॅचमध्ये घेतलं. ती बॅच दुसरे सर घेतात, असं मला सांगितलं.

दिवाळीत घरी गेले, तर स्वाती पहिल्याच चाचणीत गणितात नापास आणि माझ्याशी अबोला. शेवटी फुटलीच. "रोज हात वर करत हुतो, अक्का. तू थांबतच न्हवतीस. सगळ्यांची नावं घेतलीस, माझं एकदाबी न्हाई. म्हटलं, तिथं जाऊन घरची वळख इसरली."

मी तिचा लॅपटॉप ओढला. वर 'थेट वर्ग' लिहिलेलं, आणि खाली मी, गेल्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमधली. "थांबा, कुणीतरी हात वर केलाय," म्हणत होते आणि गेल्या वर्षीच्या कुणासाठी तरी थांबत होते.

मेघाला फोन केला. "शिकीवलंस तर तूच की," ती म्हणाली. "पोरांस्नी काय फरक पडतोय?" केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. माझी सगळ्यात चांगली सवय तिनं विकली, तीही माझ्याच बहिणीला फसवून.

क्लास सोडला. पुण्यातच दुसरीकडे शिकवते. स्वातीला सगळं सांगितलं, तिनं मान डोलावली. आता संध्याकाळी मीच तिला व्हिडिओ कॉल करते. घर म्हणजे सध्या तेवढंच: तिच्या वहीचं पान आणि मागून येणारा आईचा आवाज. मी गणित मध्येच सोडते, थांबते, वाट बघते.

"कळलं, अक्का," ती म्हणते. हात काही वर करत नाही.