ते औषध मला का नाही?

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म दिव्यावर लावली आणि म्हणाले, "हा टीबी नाही. उजव्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ आहे." सीटी स्कॅन म्हणजे छातीचे आडवे काप घेतल्यासारखे फोटो. मला त्यात एक पांढरा ठिपका दिसला. आयुष्यात मी कधी विडी ओढली नाही, मग मलाच का, एवढंच मनात आलं.

पेणला माझा पापडांचा घरगुती धंदा. खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी मिरपुडीला दोष दिला. मग टीबीच्या गोळ्या झाल्या. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे मुंबई गाठली. तुमचा खोकला औषधाने हटत नसेल तर माझ्यासारखं थांबू नका.

बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासला. मग ऑपरेशनआधी गाठ आटवायला केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून कॅन्सर मारणारं जालीम औषध. उलट्यांनी मी अर्धी झाले. केस उशीवर राहू लागले.

वामनराव मला रोह्याहून मुंबईला जाणाऱ्या एसटीत भेटले. रोह्याजवळ वरशाला राहायचे, धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट करायचे. आजार तोच, डॉक्टरही तेच. पेण येईपर्यंत ते माझ्यासाठी जागा धरून ठेवत. वर्षानुवर्षं विड्या ओढलेला हा माणूस नव्या औषधाच्या चाचणीत होता.

त्या औषधाबद्दल मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते लायपोसोमचं औषध; लायपोसोम म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्या. औषध त्यात भरून रक्तात सोडायचं. "हे नॅनो तंत्रज्ञान. केसाच्या जाडीत अशा शेकडो पिशव्या मावतील," डॉक्टर म्हणाले. "औषध गाठीपाशी जास्त साठावं आणि बाकी शरीराला त्रास कमी व्हावा, असा प्रयत्न आहे. पण ही चाचणी तुमच्यासाठी नाही."

शेवटचं वाक्य तेवढं माझ्या डोक्यात राहिलं.

सलाइन संपलं की वामनराव कॅन्टीनमध्ये जाऊन बटाटावडा खात. मी बादलीवर ओणवी. त्यांचे दाट केस पाहिले की माझा जळफळाट होई. ह्यांनाही एकदा उलटी होऊ दे, असं मनापासून वाटे. "ताई, अर्धा वडा घेता?" त्यांनी विचारलं की मी तोंड फिरवी. ह्या आजारात शेजारच्या खाटेचा हेवा वाटतो. तुम्हालाही वाटेल, दचकू नका.

एकदा परतताना पनवेल मागे पडलं आणि मला राहवेना. "वामनराव, कुणाच्या वशिल्याने मिळालं हो तुम्हाला ते औषध?"



"कसला वशिला, ताई? ज्यांची गाठ कापता येत नाय, त्यांनाच देतात ते. माझा रोग दोन्ही फुफ्फुसांत हाय, हाडांतबी गेलाय. तुमचा एका जागी हाय. तुमचं ऑपरेशन होणार. मी घरी सुमनला सांगतो, पेणच्या ताईंचं नशीब बघ. खोटं नाय बोलत, मला तुमचा लय हेवा वाटतो."

मी पेणला उतरले तेव्हा माझी पिशवी त्यांनीच खिडकीतून खाली दिली.

गाठ आटली. लोबेक्टमी झाली, म्हणजे फुफ्फुसाचा गाठीचा भाग काढून टाकला. श्वासाचे व्यायाम करत करत मी पुन्हा पापड लाटायला बसले. वामनरावांना नव्या औषधाने बरे दिवस दिले; काही महिने ते शिफ्टलाही गेले. मग औषध लागू पडेनासं झालं.

ते गेल्यावर मी वरशाला गेले. त्यांची बायको सुमन दारापुढच्या ओट्यावर बसली होती.

"रोह्यापासनं चालत आलात?"

"हो."

"ह्यांना दारापर्यंत येववत नव्हतं."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. तिथून पळावंसं वाटलं.

"तुम्ही वाचलात," ती म्हणाली. पुढचं 'बरं झालं' तिच्या तोंडून निघेना.

मीही त्याची वाट पाहिली नाही. तिच्याजवळ ओट्यावर बसले, आणि पेणची एसटी निघून गेली तरी उठले नाही.