एका सर्व्हरची वाटणी

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी जे काम केलं तसं काम पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये, असं माझी बायको म्हणते. मला ते रोज यावं असं वाटतं.

मी लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. अशा प्रत्येक गाळ्यात कोपऱ्यात एखादा लिनक्सचा सर्व्हर धूळ खात उभा असतो. तो कशामुळे चालतो हे मालकाला माहीत नसतं, आणि बंद पडला की कशामुळे पडला हेही माहीत नसतं. या दोन अज्ञानांच्या मधे माझं घर चालतं.

हा गाळा स्टीलच्या भांड्यांवर नावं टाकायचा. भाईंदरच्या दुकानात गिऱ्हाईक ताटं पसंत करतं आणि दुकानदार आपल्या कॉम्प्युटरवर नाव टाइप करतो. ताटं टेम्पोने गाळ्यात येतात, नाव त्याआधीच नेटवरून सर्व्हरकडे आलेलं असतं आणि रांगेत उभं असतं. लेसरचं यंत्र मोकळं झालं की ते रांगेतून उचलतं आणि ताटावर उमटवतं. ही सगळी मांडणी मी बसवली होती, गाळ्याच्या जुन्या मालकांच्या हौसेखातर. पूर्वी त्यांचं मिठागर होतं. मीठ गेलं आणि स्टील आलं. मग मालकही गेले आणि त्यांचे दोन मुलगे वाटणीवर आले.

मला बोलावणं आलं तेव्हा गाळ्याच्या जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ मारून झाली होती. अलीकडे थोरला आणि त्याचं यंत्र, पलीकडे धाकटा आणि त्याचं. रेघेच्या टोकाला, बरोबर मधोमध, सर्व्हर.

“काका, याचे दोन करा,” थोरला म्हणाला.

“करवत आणलीयेस का?”

“मस्करी नको. आमची नावं एका रांगेत नकोत. त्याला माझी गिऱ्हाइकं दिसतात, मला त्याची.”

आता मला रंगमंच मिळाला. मी तिशीपासून हौशी नाटकांत कामं करतो. समोर दोन माणसं उभी असली आणि तिसरं येण्याची शक्यता असली की माझा आवाज आपोआप खाली येतो. मी त्यांना सांगितलं की मशीन कापावं लागत नाही, नवं घ्यावंही लागत नाही. डिस्कवर पडलेला प्रोग्राम म्हणजे नाटकाची संहिता. ती चालू केली की झाला प्रयोग. एकाच संहितेचे दोन प्रयोग एकाच वेळी लावता येतात. फक्त प्रत्येकाला स्वतःची सेटिंगची फाइल द्यायची, सामान ठेवायला स्वतःचा फोल्डर द्यायचा आणि लोकांनी आत यायचं दार वेगळं ठेवायचं. सर्व्हरला अशी हजारो दारं असतात. प्रत्येकाला नंबर असतो आणि त्याला पोर्ट म्हणतात.

“मग त्यातला खरा कुठला?” धाकट्याने विचारलं.

प्रश्न सुंदर होता. तो मला वीस वर्षं पडलेला आहे. दोन्ही प्रयोग एकाच फाइलीतून उठतात, एकमेकांना ओळखत नाहीत, एक मेला तरी दुसरा हूं की चूं करत नाही. मूळ कोण आणि नक्कल कोण हे यंत्राला विचारलं तर ते दोन वेगळे क्रमांक दाखवतं आणि गप्प बसतं.

“खरा कुठलाच नाही. किंवा दोन्ही,” मी म्हणालो.

“मूळ माझा,” थोरला म्हणाला. “मी आधी जन्मलोय.”

त्यांच्यात रीत अशी की थोरल्याने वाटे करायचे आणि धाकट्याने निवडायचं. थोरल्याच्या वतीने मी वाटे केले. एक प्रयोग जुन्या दारावर, नऊ हजार शंभरवर. दुसरा नव्या दारावर, नऊ हजार दोनशेवर. दोन्ही सुरू केले, दोन्ही हाकेला ओ देऊ लागले. मी टाळ्यांची वाट पाहिली.

धाकटा स्क्रीनकडे बघत राहिला. “काका, दुकानं नाव कुठल्या दाराला पाठवतात?”

“शंभरला. तुमच्या वडिलांपासून.”

“म्हणजे शंभर ज्याचा, बाबांची सगळी दुकानं त्याची. मग मी शंभर निवडतो.”

थोरल्याचा चेहरा उतरला. वाटे करताना त्याने यंत्रं मोजली होती, टेबलं मोजली होती, पंखेसुद्धा. दार मोजायचं राहिलं होतं. मीही ते सहज लिहून टाकलं होतं. त्या चार आकड्यांवर वडिलांनी आयुष्यभर जोडलेली सगळी दुकानं उभी होती, आणि ज्याच्या हातून तो नंबर जाणार त्याच्या यंत्राला उद्यापासून काम नव्हतं.

“रीत म्हणजे रीत,” धाकटा म्हणाला.

“रीत गेली खड्ड्यात. बाबांसोबत दुकानादुकानात मी फिरलोय. तू तेव्हा कॉलेजच्या कँटीनमधे होतास.”

मी घाईघाईने दुसरी युक्ती काढली. एकाच सर्व्हरला नेटवरचे दोन पत्ते देता येतात, आणि पत्ता वेगळा असला तर दोघांनाही नऊ हजार शंभर हाच नंबर मिळू शकतो. खोटं वाटेल, पण खरंच मिळतो! मी करून दाखवलं. दोघंही क्षणभर खूश झाले.

“दुकानांकडे पत्ता कुठला आहे?” या वेळी थोरल्याने विचारलं.

“जुना.”

भांडण नंबरवरून उठलं आणि पत्त्यावर जाऊन बसलं. मी दुसरा पत्ता गुपचूप काढून टाकला.

त्यांची आई पलीकडच्या टेबलावर तयार ताटं पुसून कागदात गुंडाळत होत्या. हातातलं फडकं खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, “भाऊ, दोन होतात त तीन नाय व्हनार?”

“होतील की. तीस होतील.”

“तीनच पुरं.” मग मुलांकडे वळून म्हणाल्या, “तुमच्या बापाची नि काकाची मिठागराची वाटनी झाली, तवा वाफे वाटले, फावडी वाटली. खाडीचा पानी आत घ्यायचा दार कुनी वाटला? तो आजीकडं होता. ती खोलील तवा पानी, नि ती सांगंल त्याच्या वाफ्यात.”

“आई, हे मीठ नाहीये,” थोरला म्हणाला.

“मना ठाव हाय. ताटं मीच पुसतंय.”

एवढी वर्षं मी पोर्टची व्याख्या शोधतोय आणि ती मिठागरात निघाली.

तर तिसरा प्रयोग. जुन्या दारावर आईचा, नऊ हजार दोनशेवर थोरल्याचा, तीनशेवर धाकट्याचा. दुकानांतून आलेलं प्रत्येक नाव आधी आईच्या रांगेत थांबेल. त्यांच्या टेबलावरच्या जुन्या मॉनिटरवर ते नाव दिसेल, खाली दोन बटणं. त्या ज्याचं बटण दाबतील त्याच्या रांगेत नाव जाईल. दोघांनी मान डोलावली. आईसाठी थोरल्याच्या सेटिंगच्या फाइलीची मी नक्कल केली, दाराचा नंबर बदलला आणि मोठ्या थाटात तिसरा प्रयोग सुरू केला. लिनक्सच्या भाषेत अशा प्रयोगाला सेवा म्हणतात.

थोड्याच वेळात पहिलं नाव आलं. आईच्या मॉनिटरवर काहीच दिसलं नाही. थोरल्याच्या यंत्रात एक नमुन्याचं ताट लावलेलं होतं. ते यंत्र कुणी हात न लावता गुणगुणायला लागलं आणि ताटावर कुणा पाटलीणबाईंचं नाव कोरून मोकळं झालं.

गाळ्यातल्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. नाटकात अशा माना वळायला तालमी कराव्या लागतात.

“वा, काका,” धाकटा म्हणाला. “आईचा वाटा पण दादाच्याच घशात. किती वेळ बसून ठरवलंत दोघांनी?”

“ए बारक्या, तोंड सांभाळ,” थोरला म्हणाला. पण त्यानेही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू काही त्याला न विचारता त्याचा पक्ष घेतला होता.

मी खुर्चीत बसलो. कान तापले होते. फाइल उघडली आणि तिसऱ्याच ओळीत चूक सापडली. दार बदललं होतं, फोल्डर बदलायचा राहिला होता. आईचा प्रयोग आलेलं नाव इमानदारीने घेत होता, पण ठेवत होता थोरल्याच्या पेटीत, आणि थोरल्याचं यंत्र पेटीत पडलेलं नाव उचलत होतं. तिघांपैकी कुणीच लबाडी केली नव्हती. लबाडी नसताना ती हुबेहूब कशी दिसते, हे मला त्या दिवशी कळलं. मी धाकट्याला शेजारी बसवून ती ओळ दाखवली आणि बदल त्याच्याच बोटांनी करून घेतला. तिन्ही सेवा बंद करून पुन्हा लावल्या. त्याने स्वतः तीन नावं पाठवून पाहिली. तिन्ही आईसमोर येऊन थांबली.

“आता बरोबर,” तो पुटपुटला. माफी मागणं त्यांच्या घरात नाही; त्याने माझ्यासाठी थंड ताक मागवलं.

दुपारी खरी नावं यायला लागली. आई चष्मा लावून बसल्या. पेले आले की धाकट्याला, कारण गोल भांडं फिरवायची सोय त्याच्या यंत्राला होती. परातीसारखं मोठं काही आलं की थोरल्याला. मधेच त्या उठायच्या, दोघांकडच्या ताटावर अंगठा फिरवून अक्षराची कड तपासायच्या आणि परत बसायच्या. दोघं भाऊ परीक्षेला बसल्यासारखे कामाला लागले होते.

मग एक मोठं काम आलं. एकाच दुकानातून, लग्नाच्या ताटांचं. आईंनी दुकानाचं नाव वाचलं आणि धाकट्याचं बटण दाबलं.

थोरला ताडकन उठला. “आई! ते माझ्या सासऱ्यांचं दुकान आहे!”

“म्हनून.”

“म्हणून काय?”

“तुझ्याकडं अक्षर वाकडा आला त सासरा बोलनार नाय, गप घेईल. याला तो सोडनार नाय. मग हा नीट करील.”

थोरला आपल्या यंत्राकडे वळला. मी स्क्रीनवर तीन सेवांची यादी उघडून बसलो होतो. एकाच नावाच्या तीन ओळी, तिन्हींपुढे ‘चालू’.

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. त्याने सासऱ्यांचं नाव पाहिलं, घसा साफ केला. “हो, बाबा. नाव पोचलं. नाही, ताटं बारक्याकडे जातील.” पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. थोरला पाठमोरा होता. “नाही हो. त्याचं यंत्र बारीक अक्षर चांगलं काढतं. माझ्यापेक्षा.”

धाकट्याने हातातलं ताट खाली ठेवलं, दुसरं घेतलं, आणि ते यंत्रात लावायला नेहमीपेक्षा फार जास्त वेळ घेतला.